रेमिंग्टनची भावकी

जुईनगर,
दि. ५ मार्च २०२५

आदरणीय आई यांस,

संघप्रियाचा सविनय जयभीम. बाबांनाही सांगा, आणि हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवताना माझ्या आवाजाची नक्कल करू नका.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. आकाशला डेपोत सकाळची पाळी लागली आहे, त्यामुळे सोसायटीचा वॉचमन जागा व्हायच्या आत आमचा कुकर शिट्ट्या मारतो. तुमचा कढीपत्ता चांगला वाढलाय. मोगरा मात्र माझ्या हातून गेला. आल्यावर रिकामी कुंडी बघून विचाराल, त्यापेक्षा आत्ताच सांगून टाकते. बाबांच्या कलमांना यंदा मोहर कसा आहे ते कळवा.

फोन करायचा सोडून ही पत्र का लिहायला बसली, असं तुम्हाला वाटलं असेल. तुमच्या वाडीत रेंज मिळते ती फक्त शाळेच्या टेकाडावर. तिथे चढून गेलात की तुम्ही धापा टाकत "बरंय ना सगळं? ठेवते," एवढंच म्हणता. म्हणून म्हटलं, सविस्तर लिहावं.

आता मुद्द्याचं. परवा विहारात रावसाहेबकाका भेटले. कमिटीचे अध्यक्ष झाल्यापासून त्यांचा आवाज एक पट्टी वर गेलाय, पण माणूस तोच. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, तुझ्या सासूची टायपिंगची खोली वर्षापासून बंद हाय. मंडपवाला मागायलाय, खांब आनि पडदे ठेवायला. लोक म्हनायलेत, देऊन टाका. काय ते जयंतीच्या आत सांगा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "क्लास परत सुरू करतोय आम्ही."

ते म्हणाले, "नुसतं बोलून खोली अडवता यायची न्हाई. मशीन चालवून दाखवा."

म्हणजे गोष्ट सरळ आहे. जयंतीच्या आत तिथले कॉम्प्युटर सुरू झाले, त्यांवर तुमच्या रेमिंग्टनने, टाइपरायटरच्या त्याच जुन्या मांडणीने, मराठी टाइप व्हायला लागलं, तर खोली आपली. नाही तर तिथे खांब. कोकण भवनातून रिटायर झाल्यापासून तुम्ही त्या खोलीत किती मुलींच्या बोटांना वळण लावलंत, आणि त्यातल्या किती आज कुठल्या ना कुठल्या ऑफिसात बसल्यात, हे मी तुम्हाला सांगायला नको. तिथे पडद्यांच्या गुंडाळ्या बघायची माझी तयारी नाही.

मंगळवारी दुपारी जाऊन खोली उघडली. सुट्टी होती. किल्ली तुम्ही लटकवली होती त्याच खिळ्याला होती. तुम्ही जुन्या साड्यांची शिवलेली कव्हरं काढली तर आत मशीनं तुमच्यापेक्षा रुसलेली. बटण दाबलं की गुरगुरायची आणि निळा पडदा दाखवून गप्प बसायची. तो दुरुस्तीवाला "भंगारात द्या, नवीन घ्या" म्हणाला आणि तुम्ही रागारागाने कुलूप लावून गावी गेलात, ते मी विसरलेले नाही. पण भंगार काही झालेलं नाही, आई. आतली सिस्टिम म्हातारी झालीय, मशीनं धडधाकट आहेत.

म्हणून मी ठरवलं की त्यांवर मोफतवाली सिस्टिम टाकायची, लिनक्स. फुकट म्हणजे चोरीची नव्हे हं. जगभरातली माणसं मिळून ती बनवतात आणि सगळ्यांसाठी खुली ठेवतात. आपल्या भोजनदानासारखं समजा, कोणी पीठ आणतं, कोणी भाजी चिरतं, आणि पंगतीत कोणीही बसावं. जुन्या मशीनवरही ती हलकी चालते.

कपाटात त्याची एक डीव्हीडी सापडली, मागे कुठल्याशा कॉलेजच्या मुलांनी कार्यक्रमात वाटलेली. घरात आहे तर बाहेरून कशाला आणायचं, हा धडा मी तुमच्याकडूनच शिकले. लावली डीव्हीडी. तासाभरात पहिलं मशीन लख्ख सुरू झालं, आणि मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

पुढे गंमत झाली. या सिस्टिममध्ये एकेक सॉफ्टवेअर इकडून तिकडून उचलून आणायचं नसतं. आत एक कारभारी असतो, त्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. त्याला नाव सांगायचं, तो इंटरनेटवरच्या कोठारातून सामान आणतो आणि जागच्या जागी लावतो. मी त्याला म्हटलं, मराठीचा रेमिंग्टन कीबोर्ड आण. तो म्हणाला, सापडत नाही. म्हटलं, बरं, मराठी फॉन्ट आण. सापडत नाही. साधा कॅल्क्युलेटर मागितला, तरी तेच.

एवढ्यात सोनल आली. आपल्या गावठाणातल्या धर्मराजशेठची सून, तुमचा क्लास अर्धा टाकून बसलेली. तिच्या घराची खिडकी विहाराच्या समोर, त्यामुळे वायफाय तिचंच. तिला वाटलं नेटच बंद आहे. तीनदा घरी जाऊन राउटर बंद-चालू करून आली. मग पडद्याकडे बघून म्हणाली, "अगो, आख्खा दुकानच बंद झाला का काय?"

आणि खरंच तसंच होतं. ती डीव्हीडी इतकी जुनी की तिच्या काळचं कोठार केव्हाच बंद करून सामान दुसऱ्या जागी, जुन्या वस्तूंच्या वखारीत हलवलेलं. आमचा कारभारी बिचारा जुन्याच पत्त्यावर जाऊन शटर वाजवत होता. मी फाइल उघडून वखारीचा पत्ता लिहिला, आणि पडद्यावर भराभर ओळी पळायला लागल्या. सोनल म्हणाली, "मना परीक्षा द्याची हाय या वर्साला. खोली जाऊ देऊ नको." महापालिकेत क्लार्कच्या जागा निघतील म्हणतात, आणि तिला टायपिंगचं सर्टिफिकेट हवंय.

बाकी सगळं ठीक. ऑफिसही ठीक.

तब्येतीला जपा, टेकाडावर उगाच चढू नका.

तुमची सून,
संघप्रिया


जुईनगर,
दि. २१ मार्च २०२५

आदरणीय आई,

सविनय जयभीम.

तुमचं कार्ड मिळालं. मोहर चांगला आहे हे वाचून बरं वाटलं. बाबांना सांगा, पेटी पाठवायची तर आधी कळवा, मागल्या खेपेला आंबे आमच्याआधी शेजाऱ्यांनी चाखले.

कार्डाच्या कोपऱ्यात तुम्ही बारीक अक्षरात विचारलंय, मंगळवारी कसली सुट्टी होती. आई, तुम्ही सरकारी नोकरीत होता, तुम्हाला सगळ्या सुट्ट्या पाठ. खासगीत तसं नसतं, केव्हाही मिळते. तर मशीनांचं सांगते.

वखारीतून सामान यायला लागलं, फॉन्टही बसले, पण रेमिंग्टन काही येईना. त्या जुन्या वखारीत तो नव्हताच. नवीन कोठारात होता. मग मी शहाणपणा केला. जुन्या पत्त्याच्या जोडीला नव्या कोठाराचाही पत्ता टाकला आणि कारभाऱ्याला म्हटलं, आता आण.

त्याने यादी वाचायला सुरुवात केली. रेमिंग्टन पाहिजे तर मराठी टायपिंगचा संच पाहिजे. संच पाहिजे तर त्याला पोसणारा दुसरा कार्यक्रम पाहिजे. तो यायचा तर त्याच्या मागचं तयार सामान, म्हणजे त्याची नवी लायब्ररी पाहिजे. आणि ती नवी लायब्ररी म्हणाली, घरात जुनी आहे तोवर मी पाऊल ठेवणार नाही. शेवटी कारभाऱ्याने हात वर केले. पॅकेजेस अडून बसली आहेत, म्हणाला.

मी ते इंग्रजी पुन्हा पुन्हा वाचत होते. सोनल भाकरी खाता खाता म्हणाली, "यात कशाला डोका लावतंस? ही तं हलदीची आमंत्रना हायेत. एकाला सांगितला का तेची पुरी भावकी येते. आनि भावकीत एक जरी रुसला, तं बाकीची पन दारातून आत येत नाय."

यांच्याकडच्या हळदी तुम्ही बघितल्यात. मांडव गल्लीभर, आणि आमंत्रण चुकलं तर पुढची दहा वर्षं बोलणं बंद. सोनलच्या लग्नात तिच्या चुलतसासऱ्यांना पान-सुपारी मागाहून गेली, तर धर्मराजशेठना स्वतः जाऊन त्यांच्या ओट्यावर बसावं लागलं होतं. ही सगळी माहिती तिने मला तिथेच, भाकरी संपेपर्यंत दिली. मी विचारलं, "मग अशा वेळी तुमच्यात करतात काय?"

ती म्हणाली, "जुनी आनि नवी मंडली एका मांडवात बसत नसली, तं नवा मांडव घालाचा."

मी हसले आणि तेच केलं. जुन्या डीव्हीडीची सिस्टिम पुसून टाकली आणि आजची, हलकी, नवीन सिस्टिम पेनड्राइव्हवर घेतली. सगळी मशीनं पुन्हा पहिल्यापासून. आधीच हे केलं असतं तर आठवडा वाचला असता. घरात आहे ते वापरायचा तुमचा धडा डाळ-तांदळाला लागू पडतो, सिस्टिमला नाही, हे नम्रपणे कळवते.

नव्या मांडवात भावकी गुमान आली. फक्त एका मशीनवर कारभारी म्हणायला लागला की कुलूप लागलंय, दुसरं कोणीतरी आत काम करतंय, मी नंतर येतो. खोलीत आम्ही दोघीच. मी ते मशीन बंद केलं, चालू केलं, त्याला बरंवाईट बोलले. मग लक्षात आलं की चालू केलं की ते आधी स्वतःहूनच अपडेट आणायला बसत होतं. एका वेळी एकच जण कोठारात जाऊ शकतो. चहा पिऊन येईपर्यंत त्याचं काम उरकलं आणि कुलूप आपोआप निघालं. मी मात्र उगाच ओरडून घसा बसवून घेतला.

आणि मग रेमिंग्टन बसला. मी सोनलला म्हटलं, तू टाइप कर, तुझी बोटं आईंनी घडवलीयत. तिने डोळे मिटले, बोटं मधल्या ओळीवर ठेवली, आणि तुमचा पहिला धडा उमटला. हार. रास. कर. हार. रास. कर. आई, मला एकदम भरून आलं. का ते विचारू नका.

त्यानंतरचा घोटाळा ऐका, बाबांना नक्की वाचून दाखवा. आता उरलेलं सामान एकेक करून घ्यायचं होतं. कारभारी कुठलंही सामान आणायच्या आधी विचारतो, पुढे जाऊ का? हो म्हणायचं तर y दाबायचा. मी y दाबला. तो म्हणाला, रद्द. पुन्हा सगळं सांगितलं, पुन्हा y, पुन्हा रद्द. मला वाटलं, आता याचीही भावकी रुसली. नेट तपासलं, पत्ते तपासले, पेनड्राइव्ह फुंकून बघितला. शेवटी सोनलने पडद्याला नाक लावून बघितलं आणि खो खो हसत खुर्चीवरून घसरली. आमचा कीबोर्ड रेमिंग्टनवर होता. मी y दाबत होते आणि कारभाऱ्याला दिसत होता ल. तो विचारतोय पुढे जाऊ का, आणि मी आपली ल, ल, ल म्हणतेय. इतके दिवस ज्या कीबोर्डसाठी जीव टाकला, तो बसल्यावर पहिलं काम त्याने हे केलं. आता प्रत्येक मशीनवर चिठ्ठी चिकटवली आहे, "हो म्हणायच्या आधी इंग्रजीत या."

एक मशीन फारच जुनं निघालं, त्यावर ही सिस्टिम चढत नाही. त्याचा कीबोर्ड काढून दुसऱ्याला लावला. बाकीची एकेक करून होतायत. रोज दुपारी आम्ही दोघी तिथेच जेवतो, सोनल बोंबलाचं कालवण आणते.

हो, आणि एक. बाबा आकाशला फोनवर म्हणत होते की वाडीत येईल-जाईल त्याला तुम्ही सांगता, माझी सून कंपनीत कॉम्प्युटरवर असते. ते जरा कमी करा. दृष्ट-बिष्ट आपण मानत नाही, तरी उगाच कशाला.

तुमची,
संघप्रिया


जुईनगर,
दि. ७ एप्रिल २०२५

आदरणीय आई,

जयभीम.

हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवतेय, म्हणजे रावसाहेबकाकांनी तुम्हाला गाठायच्या आत ते पोचेल. तरी त्यांचा आवाज आधी पोचलाच, तर त्यांचं अर्धं ऐका आणि बाकीचं इथे वाचा.

काल रविवारी कमिटी खोली बघायला आली. आम्ही सकाळीच लादी पुसली होती, कव्हरं धुऊन वाळवली होती. आकाशला सुट्टी होती, तोही आला. मी त्याला नको म्हटलं होतं, पण तो म्हणाला, "आईची खोली आहे, मी नाही येणार तर कोण येणार?" आणि दारात हाताची घडी घालून उभा राहिला.

ते एक जुनं सोडून सगळी मशीनं एकदम सुरू केली. एकही गुरगुरलं नाही. काकांनी खिशातून जयंतीच्या पत्रिकेचा मजकूर काढून सोनलपुढे ठेवला आणि म्हणाले, "हे टाइप कर, बघू." सोनलने केलं. हळू केलं, दोनदा चुकली, पण खाली न बघता केलं. काकांनी चष्मा वर-खाली करून पडदा वाचला. शेवटी म्हणाले, "झक्कास. नवीन मशीन घेतल्यावानी वाटायलंय." मंडपवाल्याच्या बाजूने बोलणारे दोघं होते, त्यांनीही मान डोलावली.

मला वाटलं, जिंकलो.

मग काका माझ्याकडे वळले. "सगळं खरं, पोरी. पन तू तर सकाळी ऑफिसला जायलीस ते सांजच्याला येतीस. सोनल स्वतः शिकायलीय. दुपारच्याला इथं पोरी येनार, मशीन अडनार, तवा बसनार कोन? रोज बसनारं मानूस सांग, आत्ता खोली देतो. न्हाई तर महिन्याभरात परत कुलूप, आनि मग मी लोकांना काय तोंड दाखवू?"

आई, प्रश्न वाजवी होता. आणि त्याचं उत्तर खोलीत एकट्या मला माहीत होतं. सोनल खाली बघत होती. तिला मी कधी सांगितलं नव्हतं, पण रोज दुपारी जी बाई शेजारी बसून जेवते ती ऑफिसात नसते, हे कळायला काय लागतं. तिने कधी विचारलं नाही, हा तिचा मोठेपणा.

मी दाराकडे बघितलं. आकाश तिथेच उभा होता. गप्प बसले असते तर माझी झाकली मूठ राहिली असती आणि खोलीत खांब आले असते.

मी म्हटलं, "मी बसेन. रोज, दिवसभर. मला नोकरी नाहीये. जानेवारीत गेली."

मंडपवाल्याच्या बाजूच्या एकाने उगाच पंख्याचा वेग वाढवला.

आता तुम्हाला नीट सांगते. आमच्या ऑफिसात मी लोकांचे अडलेले कॉम्प्युटर फोनवरून सोडवायचे, ते काम आता कंपनीने दुसरीकडे दिलं. आमचं आख्खं टेबलच बंद झालं. माझं काही चुकलं नव्हतं, हे तिथल्या साहेबांनीच सांगितलं, पण त्याने घरी येताना पाय हलके होत नाहीत. त्या संध्याकाळी आकाशला सांगायचं म्हणून आले, तर तो कुठल्याशा बसचं इंजिन कसं सुरू केलं ते इतक्या खुशीत सांगत होता की म्हटलं, उद्या. मग उद्याचा परवा झाला. सकाळी डबा घेऊन निघायचे, सानपाड्यापर्यंत चालत जायचे, तिथल्या बागेत बसून अर्ज करायचे, संध्याकाळी परत. रावसाहेबकाकांनी खोलीचं काढलं तेव्हा मला बसायला छप्पर मिळालं, हे खरं. क्लास सुरू करतोय असं तोंडातून निघालं ते तुमच्यासाठी जेवढं, तेवढंच माझ्यासाठी होतं.

पत्रं का लिहिली, त्याचंही खरं कारण सांगते. टेकाड आणि रेंज हे निमित्त. फोनवर मी "हॅलो" म्हटलं असतं की तुम्ही आवाजावरून ओळखलं असतं. कागदाला आवाज नसतो.

तुम्हाला सांगायची मला सगळ्यात जास्त भीती वाटली, आकाशपेक्षाही. तुम्ही मला बघायला आलात तेव्हा स्वयंपाक येतो का, हे विचारलं नव्हतंत. पोह्यांची बशी तशीच ठेवून तुम्ही विचारलंत, "लग्नानंतर नोकरी सोडणार नाहीस ना?" आणि मी म्हटलं होतं, नाही. माझ्या आईला ते फार विचित्र वाटलं होतं. मला मात्र त्याच क्षणी तुम्ही आवडलात. दिलेला शब्द मी मोडला नाही, आई. मी नोकरी सोडली नाही, तिनेच मला सोडलं. पण वाडीभर तुम्ही ज्या सुनेचं सांगत फिरता ती सून आता नाही, हे तुम्हाला लिहायला माझा हात धजत नव्हता.

विहारातून आकाश माझ्यापुढे चालत घरी आला. जिना चढताना म्हणाला, "दोन महिने डबा चाटून-पुसून परत येतोय. आधी अर्धी भाजी परत यायची. मला वाटलं, माझी भाजी सुधारली." मग वर आल्यावर, "आधी सांगायचं ना यार. मी काय परका आहे?" एवढंच. रात्री त्याने वांग्याची भाजी केली आणि ती अजिबात सुधारलेली नाही, पण मी दोनदा घेतली. रागावला आहे थोडा. तो राग मला परवडतो, आतापर्यंतची त्याची खुशी परवडत नव्हती.

अर्ज करणं सुरूच आहे. एक-दोन ठिकाणांहून फोन आलेत. कुठे लागले तर संध्याकाळची बॅच घेईन आणि दुपारी सोनल बसेल, तोवर तीही तयार होईल. हे मी काकांनाही सांगितलंय, कारण आता कुणापासून काही लपवायचा मला कंटाळा आला आहे.

आणि काका काय म्हणाले, ते राहिलंच. त्यांनी टकलावरून हात फिरवला. मग म्हणाले, "नोकरी जाते, येते. माझीबी गेली होती. मी तर चार महिने बायकोला सांगितलं नव्हतं." त्यांची बायको बाहेर ओटीवर होती, तिने ते ऐकलं, आणि पुढचा पाऊण तास कमिटीची सभा तिकडेच झाली. परत आल्यावर ते जरा नरम आवाजात म्हणाले, "मंडपवाल्याला मी सांगतो. खोली तुमची. पन एक सांग, मशीन तू चालवशील, बोटं कोन शिकवनार?"

हे खरं अडलेलं आहे, आई. यातलं कुठलंही मशीन बंद पडलं तर मी ते उभं करीन. कोठार हललं तर नवा पत्ता शोधीन, भावकी रुसली तर समजूत काढीन. पण मी टाइप करते ती कीबोर्डकडे बघत, चार बोटांनी. रेमिंग्टन मशीनवर आणणं मला जमलं, माझ्या हातात तो नाही. सोनलची करंगळी अजून उचलत नाही, आणि ती का उचलत नाही हे मला कळत नाही. तुम्हाला नुसत्या आवाजावरून कळायचं.

तुम्ही म्हणाला होतात, टायपिंगचा जमाना गेला, आता लोक फोनशी बोलतात आणि फोन लिहितो. असेल. पण काल संध्याकाळपर्यंत पाच मुली आणि एका मुलीची आई नाव घालून गेल्या. त्या आईने मला विचारलं, "भीमाबाई येनार ना?" मी हो म्हटलं. तुम्हाला न विचारता म्हटलं. गेले काही महिने मी बरंच न सांगता केलंय, त्यात हे शेवटचं.

माझी समजूत काढायला म्हणून येऊ नका, मी आता ठीक आहे. रागवायचं असेल तर कार्डावर रागवू नका, जागा पुरणार नाही. इथे येऊन, समोर बसवून, पोटभर रागवा. मग बाबांना आकाशच्या ताब्यात द्या आणि माझ्याबरोबर विहारात चला. मला तुमची फार आठवण येते. हे मी दोन्ही पत्रांत लिहायचं टाळलं, कारण ते लिहिलं असतं तर बाकीचंही लिहावं लागलं असतं.

क्लास जयंतीच्या दुसऱ्या दिवसापासून. किल्ली आता माझ्याकडे असते.

सध्या नोकरी नसलेली, पण रोज कामावर हजर असलेली,
तुमची
संघप्रिया